खापराची जात

विद्वानहो, तुम्ही मेलेल्या मातीत हात घालता आणि खापरालाबी जात चिकटवता.

आमच्या अंबडहून जालना ओलांडून वर गेलं की भोकरदन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं. हस्तिदंताची बाई निघाली. १९३८ साली पाँपेईत सापडलेल्या बाईशी तिचं नातं जुळवलं. छान. पण खापरं? कुठल्याही उत्खननात ती पोत्यानं निघतात. झिलईची आधी, रंगवलेली तिच्या शेजारी, आणि शेपटाला 'जाडीभरडी'.

कोण म्हणतं भरडी? चुलीवरच्या मडक्याच्या मातीत कुंभार वाळू, भुसा मुद्दाम कालवतो. विस्तवावर तडकू नये म्हणून. ती अक्कल आहे अक्कल! तुमच्या शब्दानं तिचा अडाणीपणा केला.

१९५०-५१ साली जोर्व्याला खोदलं. तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांना 'जोर्वे' नाव मिळालं, मग त्या अख्ख्या माणसांनाच ते नाव पडलं. इनामगावात त्याच माणसांनी मेलेली लेकरं दोन रांजणांची तोंडं जुळवून घरातल्या जमिनीत पुरली. ते रांजण करडे, हातानं घडवलेले, बिननक्षीचे. आईनं लेकरू ज्यात ठेवलं त्याच्यावरून संस्कृतीला नाव नाही.

आमची आजी भांड्याला कामावरून हाक मारायची. रांजण पाण्याचा, येळणी झाकायची, सुगड संक्रांतीचं. तुम्ही काठ मोजता आणि नाव देता 'कलश'. म्हणजे भांडं लगेच सोवळ्यात!

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकायला गाडगं बांधायला लावत. बाबासाहेबांनी १९३६ साली हे लिहून ठेवलंय. उद्या पुण्यात त्याचं खापर निघालं तर तुम्ही लिहाल, 'लहान भांडे, भरड पोत'. १९२७ साली महाडला आम्ही पाणी प्यालो म्हणून तळं शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेली मातीची १०८ मडकी ओतली. ती खापरं निघाली तर? 'विधीपात्र'. कुंभार तोच, आवा तोच.

खापरावर गळा लिहिलेला नसतो, असं म्हणाल. कबूल. मग 'कलश' तरी कुठं लिहिलेला होता?

नाव नंतर ठेवा. आधी बुडाची काजळी बघा, आत काय शिजलं ते तपासा, दोरीनं काठ झिजलाय का ते नोंदवा. आणि एखाद्या कुंभारणीला साइटवर बोलवा. पाट्या उचलायला नव्हे, विचारायला.