गंजलेल्या शहरातला जोसेफ

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. ‘मुलांच्या हातातला मोबाईल काढून घ्या असे तुम्ही लिहिता, पण सुट्टीत त्यांना द्यायचे काय, तेही कधी सांगा.’ तक्रार रास्त आहे. नुसते ‘नको’ म्हटले की आई-बापांचे काम निम्मेच होते. म्हणून या वेळी एका संगणक-खेळाबद्दल लिहिते. माझा चौदा वर्षांचा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला होता. त्याच्याबरोबर मी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले. त्यामुळे त्याचे गुण सांगेन, त्याने आणलेला वैतागही सांगेन, आणि शेवटी त्याच खेळामुळे घरात उभा राहिलेला एक प्रश्नही.

खेळाचे नाव ‘मशिनेरियम’. चेक प्रजासत्ताकातल्या ‘अमानिता डिझाइन’ या छोट्या संस्थेने तो २००९ साली आणला. याकुब द्वोर्स्की हे तिचे संस्थापक. त्यांनी आणि मोजक्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन वर्षे खपून तो तयार केला. अशा खेळांना ‘पॉइंट अँड क्लिक’ म्हणतात. यात बंदूक घेऊन धावायचे नसते, की गाड्यांची शर्यत नसते. पडद्यावर एक चित्र असते. बाण नेऊन वस्तू उचलायच्या, जपून ठेवायच्या, एकमेकींना जोडून पाहायच्या आणि कुठली कुठे उपयोगी पडेल ते ओळखायचे.

गोष्ट भविष्यातली, नुसत्या यंत्रमानवांच्या शहराची. हे शहर चकचकीत मात्र नाही. गंजलेले पत्रे, गळके नळ, वाकलेले खांब, जुन्या भंगार बाजारासारखी त्याची कळा. जोसेफ नावाचा एक लहानसा यंत्रमानव शहराबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर फेकला जातो. त्याचे अवयव विखुरलेले असतात. आधी स्वतःला जुळवायचे, मग शहरात शिरायचे. तिथे काळ्या टोप्यांच्या गुंडांच्या टोळीने मनोऱ्यावर बॉम्ब लावला आहे, आणि जोसेफची मैत्रीण बर्टा हिला स्वयंपाकघरात डांबून कामाला जुंपले आहे.

जोसेफ या नावालाही अर्थ आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२०च्या ‘आर.यू.आर.’ या नाटकाने दिला, आणि तो त्यांना सुचवला त्यांचे भाऊ जोसेफ चापेक यांनी. त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे त्याचा अर्थ वेठबिगार. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, “म्हणजे खाला, रोबोट म्हणजे बिनपगारी नोकर!” या वाक्याकडे पुढे परत यायचे आहे.

आता गुण. पहिला म्हणजे या खेळात भाषाच नाही. संपूर्ण गोष्टीत कोणी एक वाक्य बोलत नाही. जे सांगायचे ते डोक्यावरच्या फुग्यात हलत्या चित्रांनी सांगतात. इंग्रजी येणारा आणि न येणारा, दोघे सारखेच. आमची अम्मी, म्हणजे भाच्याची नानी, फारसे वाचत नाही. असरनंतर चहा घेऊन तीही शेजारी बसू लागली. शहराच्या फाटकावरचा पहारेकरी जोसेफला आत घेईना. आम्ही दोघे पुलाच्या साखळ्या शोधत होतो. अम्मी म्हणाली, “आत्ता जो आत गेला त्याच्या डोक्यावर निळी टोपी होती आणि वर दिवा. याला तशी टोपी द्या की.” तेच उत्तर होते. रस्त्यावरचा शंकू, निळा रंग आणि एक बल्ब मिळून टोपी झाली. त्या दिवसापासून ती आमच्या संघाची कप्तान!

दुसरा गुण चित्रांचा. प्रत्येक दृश्य हाताने काढलेले आहे. स्वतंत्र खेळ-निर्मात्यांच्या २००९च्या महोत्सवात त्याला दृश्यकलेचा पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. तिसरा गुण आई-बापांच्या दृष्टीने मोठा. मध्ये जाहिराती येत नाहीत, ‘आणखी पैसे भरा’ असा तगादा नाही, अनोळखी माणसांशी गप्पा नाहीत. जोसेफ मरत नाही. मगरिबची अजान झाली की आहे तिथे थांबवता येते. आणि खेळाला शेवट आहे. रोज पाऊण तास याप्रमाणे आमचा तो दोन आठवड्यांत संपला आणि खरोखर संपला.

आता वैताग. जोसेफच्या हाताला जे लागेल तेवढेच उचलता येते. दूरच्या वस्तूवर बाण नेला तर काहीच घडत नाही. आपल्याला वाटते इथे काही नाही, आणि नेमकी ती वस्तू तिथेच असते. फक्त आधी त्याला तिथवर चालवत न्यायचे, कधी त्याचे अंग ताणून उंच करायचे, कधी दाबून बुटके. कल्पना गमतीची आहे, पण दहाव्यांदा तेच करताना माणूस कंटाळतो.

दुसरे, काही कोडी गोष्टीत नीट बसत नाहीत. सुरुवातीची कोडी त्या जागेतूनच उगवतात. रस्त्यावर तीन वादक आहेत, त्यांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करा. हे पटते. पण पुढे पुढे नुसती बटणे आणि सोंगट्या समोर येतात. एका ठिकाणी तर एका यंत्रमानवाशी पाच सोंगट्या ओळीत आणण्याचा डाव जिंकल्याशिवाय गाडी हलत नाही. भाचा तीन संध्याकाळी हरला. चौथ्या दिवशी रागाने उठून गेला. आपण गोष्ट ऐकायला बसलो आणि कोणी मध्येच गणिताचा पेपर हातात दिला, असे वाटते.

तिसरा वैताग मदतीचा. प्रत्येक दृश्यात एक इशारा मिळतो, पण तो बहुधा काय साधायचे एवढेच दाखवतो, कसे ते नाही. संपूर्ण उत्तर हवे तर एक पुस्तक आहे. त्याला कुलूप आहे. ते उघडायला एक छोटा खेळ खेळावा लागतो, ज्यात किल्ली पुढे न्यायची आणि वाटेतल्या कोळ्यांना उडवायचे. दर वेळी तेच. भाचा म्हणाला, “उत्तर द्यायचेच तर सरळ द्या ना!” आधी मलाही तसेच वाटले. नंतर लक्षात आले की कुलूप मुद्दाम आहे. किल्लीची कटकट नको म्हणून आपण पुन्हा चित्राकडे वळतो, आणि अनेकदा उत्तर तिथेच सापडते. आम्ही ते पुस्तक चार वेळा उघडले. त्यातल्या दोन वेळा, आणखी पाच मिनिटे धीर धरला असता तर उत्तर आमचेच असते.

पालकांनी आधी माहीत करून घ्यावे असेही काही आहे. शहरात एक दारूचा अड्डा आहे, यंत्रमानवांचा असला तरी. तुरुंगातल्या एका दृश्यात सोबतच्या कैद्याला सिगारेट हवी असते आणि जोसेफ ती वळून देतो. मला हे खटकले आणि मी ते भाच्याला सांगितलेही. संगीत सतत वाजत राहते. ज्यांच्या घरी ते नको असेल त्यांनी आवाज बंद ठेवावा. लहानग्यांना एकटे बसवण्यापेक्षा दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांनी मोठ्यांसोबत खेळावा, असे माझे मत झाले.

आता तो प्रश्न. खेळ संपत आला तेव्हा मी सहज विचारले, “केवढ्याला घेतलास?” भाचा म्हणाला, “घेतला नाही, मित्राने पेन ड्राइव्हमध्ये दिला.” मित्राला आणखी कोणी दिला होता. म्हणजे ज्या खेळाचे आम्ही दोन आठवडे कौतुक करत होतो, त्याचा पैसा त्याच्या कारागिरांना मिळालाच नव्हता.

मी हे म्हटल्यावर त्याने जे उत्तर दिले ते आपल्या बहुतेक मुलांचे असते. “खाला, मी त्यांच्या दुकानातून काही उचलले नाही. त्यांचा गेम त्यांच्याकडे तसाच आहे. त्यांचे काय कमी झाले?”

मी त्याला त्याच्या अम्मीची आठवण दिली. माझी बहीण घरी आरीचे काम करते. गेल्या वर्षी एका दुकानदाराने तिचा नवा नमुना ‘बघायला’ म्हणून नेला. आठवड्याने कागद परत दिला, जसाच्या तसा, घडीसुद्धा न मोडता. महिन्याभरात तोच नमुना त्याच्या दुकानातल्या कुर्त्यांवर होता. बहिणीला एक रुपया मिळाला नाही. त्या रात्री ती रडली, ते या मुलाने पाहिले होते. मी एवढेच विचारले, “कागद तर परत आला होता ना? मग तुझ्या अम्मीचे काय कमी झाले होते?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “बिनपगारी नोकर.”

हा माझ्या एकटीचा विचार नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध आणि निर्मितीचे हक्क शरीअतच्या दृष्टीने सुरक्षित आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे योग्य नाही. मजुराची मजुरी न रखडवण्याची प्रेषितांची (स.) ताकीद तर आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. चित्र काढणारा, कोडे रचणारा हाही मजूरच. त्याचा घाम आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

या खेळाच्या बाबतीत तर ही गोष्ट निर्मात्यांनीच जगासमोर मांडली होती. त्यांनी खेळाला चोरीविरोधी कुलूप लावले नव्हते. २०१० साली त्यांनी सांगितले की त्यांच्या अंदाजाने खेळणाऱ्यांपैकी फक्त ५ ते १५ टक्के लोकांनी पैसे दिले आहेत. मग त्यांनी काय केले? शिव्या दिल्या नाहीत. काही दिवसांसाठी माफी जाहीर केली. ज्याने फुकट घेतला असेल त्याने २० ऐवजी ५ डॉलर द्यावेत आणि हिशेब मिटवावा. उत्तरांच्या पुस्तकाला कुलूप लावणाऱ्या या लोकांनी आपल्या मालाला मात्र लावले नाही. ते काम त्यांनी आपल्या इमानावर सोडले.

ती माफी कधीच संपली. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “मग आता पूर्ण पैसे?” मी म्हटले, “माफी संपली, देणे नाही.” त्याने ईदीच्या जमवलेल्या पैशांतून रक्कम माझ्या हातात दिली. मी माझ्या खात्यातून खेळ रीतसर विकत घेतला आणि जुनी प्रत त्यानेच पुसून टाकली. खेळ जवळजवळ संपला होता, पैसे देऊन नवे काही मिळणार नव्हते. तरी त्याने दिले. शेवटचे दृश्य आम्ही तिघांनी नव्या प्रतीवर पाहिले. त्यासाठी सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागला, त्या पाच सोंगट्यांच्या डावासकट. या वेळी तो डाव भाच्याने दुसऱ्याच फेरीत जिंकला.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, सुट्टीत मुलांना हा खेळ जरूर द्या. वैतागासकट द्या, कारण अडकणे आणि धीर धरणे हा त्यातला चांगला भाग आहे. शेजारी बसा, नानी-दादींनाही बसवा. आणि मुलांच्या फोनमध्ये आधीच असलेले खेळ कुठून आले, हे आज रात्री जेवताना सहज विचारून पाहा. रागावू नका, फक्त विचारा.