आधी परत मागून बघा, मग पैसे भरा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही हळद अडत्यांचे आणि गणपती पेठेतल्या घाऊक किराणा व्यापाऱ्यांचे हिशेब मी टॅलीवर सांभाळते. अलीकडे या पेढ्यांवर ऑनलाइन बॅकअप विकणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. माणूस माहितीपत्रक ठेवून गेला की शेठ मला विचारतात, "ताई, वर्षाला किती पडतील आणि किती जीबी मिळेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. आज रात्री दुकानातला संगणक गेला, तर उद्या किती वाजता आपली खाती उघडतील आणि ती कोण उघडून देईल, हे आधी विचारा.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. गणपती पेठ, मारुती रोड पाण्याखाली गेले. तेव्हाही बॅकअप घेणारे दुकानदार होतेच. पण त्यांची हार्ड डिस्क गल्ल्याखालच्या खणात असायची, म्हणजे संगणकापासून हातभर अंतरावर. संगणक बुडाला तेव्हा तीही बुडाली. जीएसटीचं भरलेलं विवरणपत्र पोर्टलवर परत दिसतं. पण कोणत्या गावच्या दुकानदाराकडे किती उधारी आहे, त्यातली किती दिवाळीला आली आणि किती राहिली, हे कुठल्याही सरकारी पोर्टलवर नसतं. विम्याचा सर्व्हेअर आला की पहिल्यांदा स्टॉकचा हिशेब मागतो. भिजलेला माल समोर दिसतो, पण तो किती होता हे दाखवणारी नोंद त्याच पाण्यात गेलेली असते. व्यापाऱ्याचं खरं नुकसान तिथे होतं. म्हणूनच ऑनलाइन बॅकअप हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती निवडण्याच्या रीतीबद्दल. बरेच जण टॅलीचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडून देतात आणि बॅकअप झाला म्हणून निश्चिंत होतात. ही सोय आरशासारखी असते. इकडे जे होईल ते तिकडे दिसतं. खंडणीखोर व्हायरसने इथल्या फायली कुलूपबंद केल्या की त्याच कुलूपबंद फायली वर चढतात. इथे खोडलेली फाइल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहते आणि मग जाते. आमच्या कामात तर चूक मार्चअखेरीस ताळेबंद जुळवताना सापडते आणि ती झालेली असते जुलैत. त्यामुळे प्रत्येक महिनाअखेरीची प्रत किमान वर्षभर वेगळी ठेवणारी सेवाच घ्यावी. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, कंपनी असेल तर आठ आर्थिक वर्षं. विक्रेत्याला विचारा, एखाद्या वर्षी पैसे भरायचे राहिले तर जुना डेटा किती दिवस ठेवाल? याचं उत्तर लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. आपल्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात. बॅकअपची वेळ रात्री अकराची लावलेली असली, तर तो कधीच होत नाही. 'बॅकअप झाला नाही' अशी मेल जाते ती संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर, कारण खातं त्यानेच स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असतं. उद्या तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. खातं मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवरच हवं. डेटाला स्वतःची गुप्त किल्ली लावली असेल, तर ती कागदावर लिहून घरी ठेवा. ती हरवली तर सेवा देणारी कंपनीही डेटा उघडू शकत नाही. टॅली व्हॉल्टच्या पासवर्डचंही तेच.

कंपनी मोठी आहे एवढ्यावर विसंबू नका. १० मार्च २०२१ला फ्रान्सच्या स्ट्रासबूर शहरात ओव्हीएच या बड्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांच्या मूळ प्रती आणि बॅकअप त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही गेलं. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खातं सेटिंगच्या चुकीने पुसलं गेलं. सहा लाखांवर सभासदांचा तो फंड. दुसऱ्या एका कंपनीकडेही बॅकअप ठेवलेला असल्याने त्याला सावरता आलं. आपल्या पेढीला दोन सेवा परवडणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण आठवड्याला एक प्रत डिस्कवर घेऊन ती घरी नेणं कुणालाही परवडतं.

आता परत मागण्याचं. बहुतेक सेवा काही दिवस फुकट वापरायला देतात, ते दिवस यासाठीच वापरा. दुकानातला संगणक बाजूला ठेवा, घरच्या लॅपटॉपवर बसा, मागच्या आठवड्याची प्रत उतरवा आणि टॅलीत उघडा. टॅलीची आवृत्ती जुनी असेल तर नवा डेटा उघडणार नाही, हेही तिथेच कळेल. रोख शिल्लक आणि दोन-तीन मोठ्या उधारीदारांची बाकी दुकानातल्या आकड्यांशी ताडून बघा. टॅली चालू असताना घेतलेली प्रत कधी कधी अर्धवट निघते, तेही इथेच उघड होतं. घड्याळही लावा. ४ जीबीचा डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवर अर्ध्या तासात उतरतो. स्कॅन केलेल्या बिलांसह तो २०० जीबी असेल तर त्याच लाइनवर बावीस तास लागतात. काही स्वस्त योजनांत डेटा थंड साठ्यात असतो. तो बाहेर काढायलाच काही तास जातात आणि काढण्याचे पैसे वेगळे पडतात. ही चाचणी पुढेही दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आत करावी, असा माझा आग्रह असतो.

जो विक्रेता हे समोर बसून करून दाखवायला तयार नाही, त्याचा दर कितीही कमी असो, मी त्याचं नाव शेठना सुचवत नाही. यातून दोन सेवा उरल्या की मग दर बघावा. फरक वर्षाला हजार-दीड हजाराचा असेल, तर ज्यांचा माणूस मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि रविवारी फोन उचलतो, ती घ्यावी. रविवारी फोन करून बघा.