मागच्या गाडीचा ब्रेक

परदेशीं मुलाकडे राहून आलेल्या आमच्या वयाच्या गृहस्थांकडून वाचकांची अपेक्षा बहुधा धबधबे, उंच इमारती आणि थंडी यांच्या वर्णनाची असते. तीं वर्णनें आतां पुष्कळ झालीं. या खेपेस आम्ही एका लहानशा पेटीविषयीं लिहिणार आहों. अमेरिकेंत कॉलराडो राज्यांतील डेन्व्हर शहराजवळ आमचे चिरंजीव राहतात. त्यांच्या मोटारखान्यांतील फळीवर ती पेटी तीन महिने न उघडतां पडली होती, आणि ती न उघडल्यामुळें आमच्या घरचीं पांच माणसें एका दुपारीं केवळ दैवयोगानें वांचलीं.

तिकडे पुष्कळ कुटुंबें पिकअप ट्रक बाळगतात. पुढें बसण्याची खोली, मागें उघडा हौदा. या ट्रकला मागें चाकांवरचें लहानसें घर जोडून लोक सुटींत रानावनांत मुक्कामास जातात. असें एक घर, ज्यास ते ट्रेलर म्हणतात, चिरंजीवांनीं जुनेंच विकत घेतलें होतें. सामान व पाणी भरल्यावर त्याचें वजन सुमारें ५,००० पौंड, म्हणजे आपल्या मापानें २,२७० किलो होई.

डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशीं ११,००० फुटांहून अधिक उंचीवर पोंचतो, आणि बोगदा संपतांच सिल्व्हरथॉर्न गांवाकडे उतरूं लागतो. उतार असा कीं कांहीं ठिकाणीं शंभर फुटांस सात फूट. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं कडेला भुसभुशीत खडीचे चढते रस्ते मुद्दाम करून ठेवले आहेत. ते पाहून आम्हांस बोरघाटांत निसटलेल्या आगगाडीसाठीं टाकलेल्या चढत्या रुळांची आठवण झाली, आणि तें आम्ही नातीला समजावून सांगत होतों, इतक्यांत चिरंजीव बोलेनासे झाले. गाडी थांबवावयाची ते शिकस्त करीत होते. पण मागून कोणी तरी ढकलीत आहे असा भास होई. गाडींत जळका वास भरला. नात म्हणाली, "बाबा, मागची गाडी थांबत कां नाहीं?" त्यास कोणीं उत्तर दिलें नाहीं. खालचा गिअर टाकून, धोक्याचे दिवे लावून, एका रुंद कडेला गाडी कशीबशी उभी राहिली तेव्हां पुढच्या चाकांतून धूर निघत होता. आमच्या सौ.नीं देवाचें नांव घेतलें, सूनबाई रडूं लागल्या.

घाट उतरतांना बैलगाडीचा सारा भार बैलांच्या मानेवर येतो, हें आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे. येथेंही तोच प्रकार. ट्रकचे ब्रेक ट्रकपुरते. मागचे २,२७० किलो त्यांच्याच मानेवर. थांबवावयाची शक्ति वजनाच्या पटीनें आणि वेगाच्या वर्गाच्या पटीनें वाढते, व ती सर्व ब्रेकमध्यें उष्णता होऊन उतरते. ब्रेक फार तापले कीं त्यांची पकड सुटते.

नवल असें कीं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते. प्रत्येक चाकाच्या ढोलांत एक विद्युच्चुंबक असतो. त्यांत प्रवाह सोडला म्हणजे तो फिरत्या ढोलाच्या आंतल्या अंगास चिकटूं पाहतो, त्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीनें तरफ फिरून ब्रेक-शू ढोलावर दाबले जातात. योजना उत्तम, पण प्रवाह कोणीं, केव्हां व किती सोडावयाचा? तें काम ट्रकमध्यें बसविलेली पेटी करते. तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. मराठींत आम्ही नियंता म्हणूं. यम् म्हणजे आवरणें. त्याच धातूपासून झालेला नियन्तृ हा शब्द संस्कृतांत सारथ्यासही लावतात. विकणारानें "एवढ्याशा ट्रेलरला त्याची जरूर नाहीं" असें सांगितलें होतें. वास्तविक तेथील पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक असलेच पाहिजेत असा कायदा आहे.

त्या रात्रीं चिरंजीव आमच्या खोलींत आले. म्हणाले, "अण्णा, पेटी मीं मे महिन्यांतच आणली होती. वेळ होत नव्हता." चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस आळसाबद्दल आम्हीं पुष्कळ बोल लावले. त्या रात्रीं मात्र तोंडून शब्द निघेना. एवढेंच म्हणालों, "शनिवारीं बसवूं. मी पेडल दाबतों."

तें काम वाटतें तितकें क्षुद्र नाहीं. नव्या पुष्कळ ट्रकांत कंपनीनेंच खालीं तयार जोड ठेवलेला असतो व पेटी चटकन लागते. आमचा ट्रक जुना. मागें सात टोकांची खोबण होती, पण ब्रेकचें टोक रिकामें. म्हणून पेटीच्या चार तारा आम्हांसच पोंचवाव्या लागल्या: काळी बॅटरीच्या धन टोकास, पांढरी ऋण टोकास, निळी थेट मागच्या खोबणीपर्यंत, आणि तांबडी ब्रेकच्या दिव्याच्या तारेस. ही तांबडीच खरी परीक्षा. पेडल दाबल्याची वर्दी पेटीस तिच्याकडूनच मिळते.

सुकाणूच्या खांबाखालीं तारांचा जुडगा होता. आम्हीं पेडल दाबलें, चिरंजीवांच्या हातांतला तपासणीचा दिवा लागला, सोडलें, विझला. "हीच तार," असें म्हणून ते सुरी लावणार, इतक्यांत शेजारीं बसलेल्या नातीनें तांबड्या त्रिकोणाचें बटण सहज दाबलें, आणि हातांतला दिवा लुकलुकूं लागला! ती तार मागच्या डाव्या दिव्याची निघाली. अमेरिकेंतील बऱ्याच गाड्यांत थांबण्याचा आणि वळण्याचा दिवा एकच असतो. तेथें जोडलें असतें तर डावीकडे वळण्याची खूण केली कीं ट्रेलरचे ब्रेक लुकलुकीच्या तालावर धरत व सुटत राहिले असते. शेवटीं पेडलजवळच्या स्विचपासून निघणारी, खुणेच्या दिव्यांशीं संबंध नसलेली तार सांपडली. मगच बॅटरीची ऋण बाजू सोडवून आम्हीं जोडणीस हात घातला.

बाकीचें थोडक्यांत सांगतों. काळ्या तारेंत बॅटरीजवळ आपोआप पूर्ववत् होणारा २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर घातला. प्रत्येक चुंबक सुमारें ३ अँपिअर प्रवाह घेतो, चार मिळून १२. पांढरी तार जवळच्या कोणत्याही स्क्रूखालीं न अडकवितां बॅटरीपर्यंत नेली, कारण ती सैल असली कीं ब्रेक दुबळे पडतात. पत्र्यांतून तार नेतांना रबरी कडें सोडूं नये. पेटी चालकाच्या उजव्या हाताशीं, पण गुडघ्यास न लागेल व हवेच्या पिशवीच्या आड येणार नाहीं अशी, गाडीच्या दिशेस सरळ बसविली. आमची पेटी ट्रकचा वेग किती झपाट्यानें उतरतो तें ओळखून त्या मानानें प्रवाह सोडते. तिरपी बसविली तर तिचा अंदाज चुकतो. कांहीं स्वस्त पेट्या पेडल दाबून किती वेळ झाला एवढेंच पाहतात; हळू थांबा कीं जोरानें, त्यांस सारखेंच.

रविवारीं शाळेचें रिकामें पटांगण गांठलें. ताशीं २५ मैलांच्या वेगांत चिरंजीवांनीं पेटीवरची हातदांडी दाबली, तशीं ट्रेलरचीं चाकें जागच्या जागीं अडकून घसरलीं. जोर थोडथोडा कमी करीत, चाकें अडकण्याच्या जरा अलीकडे तो ठेवला. भार बदलला कीं हें पुन्हा करावें लागतें. ट्रेलर मागें डुलूं लागला तर ट्रकचा ब्रेक न दाबतां हीच दांडी हलकेच दाबावी. मागची गाडी आपली आपण ओढून सरळ होते.

एक गोष्ट राहिलीच होती. ट्रेलर तुटून सुटला तर दोरीनें एक खिळी उपटली जाऊन त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लागावेत अशी तजवीज असते. आम्हीं खिळी उपटून पाहिली; चाकें खुशाल फिरत होतीं. बॅटरी मेलेली! आगगाडीच्या हवेच्या ब्रेकचें पहिलें पेटंट वेस्टिंगहाउसनें १८६९ सालीं घेतलें, आणि पुढें थोड्याच वर्षांत त्यानें अशी सुधारणा केली कीं नळी तुटून हवा गेली तर ब्रेक आपोआपच लागावेत. तेथें शक्ति गेली कीं गाडी थांबते. येथें शक्ति गेली कीं रक्षणच जातें. नवी बॅटरी त्याच दिवशीं आणली.

पुढच्या शनिवारीं तोच बोगदा, तोच उतार. सौ.नीं सबंध वेळ डोळे मिटले होते. चिरंजीव खालच्या गिअरमध्यें उतरत होते. पेडल दाबलें कीं पेटीवरचा आंकडा वाढे, आणि मागून ढकलण्याऐवजीं हलकीशी ओढ जाणवे. खालीं पोंचल्यावर आम्हीं ट्रेलरच्या चाकांच्या मध्यभागाजवळ तळहात धरून पाहिला. तीन चाकें सारखींच ऊन लागलीं. मागचें उजवें थंडगार होतें.

"याच्या चुंबकाची जोडणी सुटली असेल," चिरंजीव म्हणाले, आणि मुक्कामावर पोंचण्याची वाट न पाहतां तेथेंच बाही सारून खालीं शिरले. आम्हीं बॅटरी धरली, नातीनें पक्कड.