सहल शेतावर जावी, पण एकदाच नव्हे

हिवाळा सुरू झाला, की छत्रपती संभाजीनगरच्या शाळांना सहलींचे वेध लागतात. वेरूळ, देवगिरी, पैठण ही ठिकाणे तर ठरलेलीच. अलीकडे त्यांत शेताची भर पडली आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हापासून शेताची भेट हा रीतसर व्यवसाय म्हणून मान्य झाला. पहिली-दुसरीची मुले बसमधून उतरतात, बैलगाडीत बसतात, हुरडा खातात, छायाचित्रे काढून घेतात आणि दिवस मावळायच्या आत घरी परततात. शहरी मुलांचे पाय मातीला लागले, हे चांगलेच झाले. परंतु या मुलांनी शेत पाहिले. शेती पाहायची मात्र राहून गेली.

शेती एका दिवसात दिसत नाही. मुलांनी ज्या ज्वारीचा हुरडा खाल्ला, तिची पेरणी पावसाळा सरता सरता झालेली असते. त्याआधी मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी, पावसाने ओढ दिल्यावर करावी लागणारी दुबार पेरणी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागवलेल्या रात्री, बाजारात भाव कोसळल्यावर पडलेला चेहरा, यांतले काहीही सहलीच्या दिवशी मुलांसमोर येत नाही. त्यांच्यासमोर येते ते यजमानाने सजवून मांडलेले शेत. अशा सहलीतून परतलेल्या मुलाच्या मनात शेत म्हणजे मौजेची जागा, एवढाच संस्कार उरला, तर दोष मुलाचा नाही.

यावर उपाय अवघड नाही. एकाच शेतावर वर्षातून तीन वेळा जावे. जूनमध्ये पेरणीच्या वेळी, पोळ्याच्या सुमारास उभ्या पिकात आणि हिवाळ्यात सुगीला. पहिल्या भेटीत मुलाने स्वतःच्या हाताने तुरीचे चार दाणे पेरावेत, दुसऱ्या भेटीत आपली रोपे शोधावीत. कदाचित ती वाळून गेलेली असतील. तसे झाले, तर तोही एक धडाच होय. शेतकऱ्याला तो दर दोन-चार वर्षांनी गिरवावा लागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदमळणी ज्या मुलाने पाहिली, त्याला गोवंशाविषयीची कृतज्ञता पाठ्यपुस्तकातून वेगळी शिकवावी लागणार नाही.

यात आणखी एक धागा आहे, पाण्याचा. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर संभाजीनगरची तहान भागते आणि त्याच जलाशयाच्या कालव्यांवर मराठवाड्यातील कितीतरी शेते उभी आहेत. पावसाने पाठ फिरवली, की पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळतो. तो मिळायलाच हवा. पण त्यासाठी कालव्याची आवर्तने घटतात आणि कोणाचे तरी पीक करपते. खांद्याला पाण्याची बाटली अडकवून आलेल्या मुलाला शेतकऱ्याच्याच तोंडून हे कळावे. शहर आणि खेडे ही एकाच समाजशरीराची अंगे आहेत, हे पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानवदर्शनातील सूत्र सात वर्षांच्या मुलालाही अशा वेळी उमगू शकते.

ही कल्पना नवी नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथे नयी तालीमचा विचार मांडला, त्यात हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी स्थान होते. १९९३ च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यात हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने निवासी शाळा उभारली, तेथे शेती आणि शाळा हातात हात घालून चालतात. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले. पहिली-दुसरीच्या वर्गांवर तर वार्षिक परीक्षेचे ओझेही नसते.

खर्च, सुरक्षितता आणि अपुरा वेळ ही शाळांची अडचण खोटी नाही. पण त्यासाठी दूर जायला नको. शहरातच हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, पैठण रस्त्यावर कृषी विज्ञान केंद्र आहे. वाळूजच्या कारखान्यांत राबणाऱ्या कित्येक पालकांची मुळे गंगापूर, वैजापूर, फुलंब्रीच्या गावांत आहेत. वर्गातील एखाद्या मुलाच्या आजोबांचेच शेत निवडले, तर खर्च वाचेल आणि त्याहून मोठी गोष्ट घडेल. ‘गावाकडचा’ म्हणून आजवर मागच्या बाकावर संकोचून बसणारा तो मुलगा त्या दिवशी साऱ्या वर्गाला वाट दाखवील. पथ्ये मात्र पाळावीत. फवारणीच्या दिवसांत मुलांना शेतात नेऊ नये, शेतकऱ्याच्या सोयीनेच दिवस ठरवावा आणि त्याच्या खोळंब्याचा मोबदला द्यावा. फुकटचे आदरातिथ्य हा त्याच्यावरचा आणखी एक भार ठरता कामा नये.

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या शहरात वाचल्या जातात आणि पान उलटले जाते, कारण वाचणाऱ्याच्या ओळखीचा एकही शेतकरी नसतो. ज्या मुलाने एका वर्षात तीनदा एकाच शेतकऱ्याच्या बांधावर बसून भाकरी खाल्ली, तो मोठेपणी ते पान इतक्या सहज उलटणार नाही. शाळांनी येत्या वर्षाच्या सहलींचे नियोजन करताना एवढा विचार अवश्य करावा.