*उसाच्या गाडीचं ऑईल: किलोमीटर बघू नका, डिझेल मोजा*



गाळप हंगाम तोंडावर आलाय, ट्रक-ट्रॅक्टर गॅरेजला लागलेत. इंजिन ऑईल कधी बदलायचं याचा प्रत्येकाचा आपापला हिशोब आहे. कुणी काळं झालं की बदलतो, कुणी दसऱ्याला, कुणी किलोमीटर भरले की. आमचं मत असं की यातला एकही हिशोब ऊस वाहतुकीला पुरत नाही.

*रंग:* डिझेल इंजिनातलं नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं पडतं. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. त्यामुळे नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

*किलोमीटर:* पुस्तकातला मोठा आकडा हायवेला एका लयीत पळणाऱ्या गाडीचा असतो. आपली गाडी भरून फडातून पहिल्या गिअरात निघते, कच्च्या रस्त्याने येते आणि कारखान्यावर नंबर सरकेल तशी इंजिन चालू ठेवून उभी राहते. किलोमीटर पडत नाहीत, पण डिझेल जळतं आणि काजळी ऑईलमध्ये जमा होते.

म्हणून ट्रकला जळालेलं डिझेल मोजा. समजा पुस्तकात 20,000 किलोमीटर दिलेत आणि हायवेला गाडी लिटरला 4 किलोमीटर देते. म्हणजे 5,000 लिटर डिझेल जळेपर्यंत ते ऑईल. तीच गाडी उसाच्या खेपेला अडीचचं अॅव्हरेज देत असेल, तर 5,000 लिटर 12,500 किलोमीटरलाच जळतात. पुढचे साडेसात हजार किलोमीटर बेअरिंग आणि क्रँकच्या जिवावर जातात. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीच्या पुस्तकातले घ्या. जड कामासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

*ट्रॅक्टर:* इथे अवरमीटर आहेच. बऱ्याच मॉडेलना 250 तास दिलेत, काहींना जास्त. तास भरले नाहीत तरी पुस्तकात दिलेले महिने संपले की ऑईल बदलायचंच.

काही जण म्हणतील, "लवकर बदललं तर काय बिघडलं?" इंजिनचं काही बिघडत नाही, खिशाचं बिघडतं. मोठ्या ट्रकच्या चेंबरमध्ये 15-20 लिटर ऑईल सहज बसतं, फिल्टरचा खर्च वेगळा. मोजमाप ठेवलं तर उशीरही होत नाही आणि उधळपट्टीही होत नाही.

*पण या तीन गोष्टी दिसल्या तर हिशोबाची वाट बघू नका:*
🔴 पट्टीवर ऑईलची पातळी वाढली, डिझेलचा वास येतोय: डिझेल ऑईलमध्ये उतरतंय.
🔴 ऑईल दुधाळ झालं: पाणी शिरलंय. गाडी चालवू नका.
🔴 एअर क्लिनर फाटला किंवा पाईप सैल आहे: धूळ आत जातेय, ती लायनर-पिस्टन खाते.
अशा वेळी नुसतं ऑईल बदलून भागत नाही, मिस्त्रीकडून मूळ कारण काढून घ्या.

*आणखी थोडं:*
✅ पट्टी बघताना गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.
✅ इंजिन गरम असताना जुनं ऑईल सोडा, गाळ निघून जातो. हात भाजणार नाही एवढं सांभाळा. फिल्टर सोबतच बदला.
✅ वरून लिटरभर टाकलं म्हणजे ऑईल बदललं असं होत नाही.
✅ बीएस-6 गाडीत जुन्या गाडीचं उरलेलं ऑईल ओतू नका. सायलेन्सरमधला फिल्टर राखेने चोंदतो. पुस्तकातलाच ग्रेड घ्या.
✅ काढलेलं ऑईल ओढ्यात, बांधावर नको. कॅनमध्ये साठवा, परवानाधारक खरेदीदारालाच द्या.

एक आग्रहाची विनंती. केबिनमध्ये एक वही ठेवा. ऑईल बदलल्याची तारीख, किलोमीटर, आणि त्यानंतर टाकलेलं प्रत्येक वेळचं डिझेल लिहा. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. इंजिन ऐन हंगामात बसलं तर दुरुस्तीचा खर्च होतोच, खेपाही बुडतात, टोळी फडात बसून राहते आणि गाडीचा हप्ता काही थांबत नाही. पंपावरची पावती वहीत उतरवायला दोन मिनिटं लागतात.

हा मेसेज आपल्या ड्रायव्हरलाही पाठवा.