दहा घेऊन नऊ देण्याचा व्यवहार

जुगार वाईट, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून धर्मराजाच्या द्यूतापर्यंत ते पुष्कळदा सांगून झाले आहे. तरीही आकडा लावणारा आकडा लावतच राहिला. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक हा आपला पट्टा त्याला अपवाद नाही. या माणसाला नीती ठाऊक नसते असे नाही. खेळाचा भावही त्याला तोंडपाठ असतो. त्या भावाचा अर्थ मात्र त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि ती जबाबदारी शिकल्यासवरल्यांची आहे.

मटक्याचा इतिहास थोडक्यात असा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांचे आकडे मुंबईत तारेने येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये ते थांबले. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी व १९६४ साली रतन खत्री यांनी आपापले खेळ सुरू केले. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र राहिले. गिरणगावातून हा खेळ लोकलगाडीच्या मार्गाने, टेलिफोनच्या तारेने गावोगाव पसरला. आज तो भ्रमणध्वनीत शिरला आहे.

आता त्याचे गणित पाहू. शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एक निघतो. ज्याचा आकडा निघाला त्याला रुपयास नऊ रुपये, हा सर्वसाधारण भाव. दहा माणसांनी दहा निरनिराळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर खेळवणाऱ्याकडे दहा रुपये जमतील. आकडा कोणताही निघो, तो एकाला नऊ रुपये देईल आणि एक रुपया स्वतःकडे ठेवील. जोडीचेही तेच. शंभर जोड्यांवर शंभर रुपये जमतात, नव्वद वाटले जातात आणि दहा उरतात. हा अड्ड्याचा वाटा होय. तो मिळवण्यासाठी त्याला नशिबाची गरज नाही, लबाडीचीही नाही. तो भावातच बांधलेला आहे.

मोह जितका मोठा तितका हा वाटाही मोठा होतो. तीन पानांच्या ‘पत्ती’वर रुपयास एकशे चाळीस मिळतात, हे ऐकून नवख्याचे डोळे दिपतात. प्रत्येक पानावर दहांपैकी कोणताही आकडा येण्याची शक्यता सारखी धरली, तर तीन वेगळ्या आकड्यांची ठरावीक पत्ती हजार सोडतींत सरासरी सहा वेळा येईल. सहा गुणिले एकशे चाळीस म्हणजे आठशे चाळीस. हजारातील एकशे साठ रुपये अड्ड्याचे. तिन्ही पानांवर एकच आकडा असेल, तर रुपयास सहाशेच्या आसपास मिळतात. पण अशी ठरावीक पत्ती हजारात एकदाच यायची. म्हणजे हजार घेऊन सहाशे परत! भाव ठिकाणानुसार थोडाफार बदलतो, परंतु तो खऱ्या शक्यतेच्या वर कधी जात नाही.

यावर कोणी म्हणेल, शंभरातले नव्वद परत मिळतात हे काही वाईट नाही. सिनेमाचे तिकीट काढले तर एक पैसाही परत येत नाही. या युक्तिवादात दोन खोटी आहेत. पहिली ही, की तिकिटाची किंमत तिकिटावर छापलेली असते. शेतकरी भात विकतो तेव्हा अडत, तोलाई, हमाली पट्टीवर लिहिलेली असते, आणि ती जास्त वाटली तर तो भांडू शकतो. मटक्याची अडत कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

दुसरी खोट अधिक घातक आहे. नव्वद टक्के परतावा हा एका डावाचा असतो, आणि खेळणारा एका डावावर थांबत नाही. शंभर जणांनी दहा हजार रुपये लावले आणि परत आलेली रक्कम रोज पुन्हा लावली, तर सरासरीने पहिल्या दिवशी नऊ हजार, दुसऱ्या दिवशी आठ हजार शंभर, आणि दहाव्या दिवसाअखेर सुमारे साडेतीन हजार उरतील. त्या शंभरांत एखादा जिंकलेला असेल. गावभर बोलबाला त्याचाच होतो. हरलेले गप्प बसतात.

‘बरेच दिवस सत्ता आला नाही, आज येणारच’ ही समजूत याच गणिताने निकालात निघते. ठरावीक आकडा ओळीने दहा सोडतींत न येणे ही शंभरांत सुमारे पस्तीस वेळा घडणारी साधी गोष्ट आहे. अकराव्या सोडतीतही त्याची शक्यता दहात एक इतकीच असते. मागच्या सोडतींचे तक्ते विकणारे आणि स्वप्नांचे अर्थ सांगणारे या एका अज्ञानावर पोट भरतात.

कॅसिनो या झगमगाटी नावामागेही हीच बेरीज-वजाबाकी आहे. रुलेटच्या चाकाला एक शून्य धरून सदतीस घरे असतात. जिंकणाऱ्यास लावलेल्या रुपयासह छत्तीस रुपये मिळतात, म्हणजे अड्ड्याचा वाटा २.७ टक्के. दोन शून्ये असली की तो ५.३ होतो. मटक्याच्या मानाने हा कमी दिसतो. पण मटक्याची सोडत ठरल्या वेळी होते आणि चाक रात्रभर फिरत राहते. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो अमलात आलाच नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. हे योग्यच झाले. परंतु मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे, आणि मटका त्या कायद्याच्या डोळ्यांदेखत वाढला, हेही विसरता येत नाही. शिवाय बेकायदा खेळात नव्वद टक्क्यांचीही हमी नाही. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले हे खेळवणाऱ्याला आधी कळते. सोडत तपासणारा कोणी नाही. पैसे बुडवले तर दाद मागण्याची सोयही नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे.

आपल्या दोन तालुक्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्टीची उचल घेऊन घर सोडतात आणि हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसतात. त्या हिशेबातून उरलेल्या नोटांतील दहावा हिस्सा असा न दिसता कापला जाणे, ही किरकोळ बाब नव्हे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झालेले माथेरानचे भाई कोतवाल यांनी याच भागात धान्यकोठ्या उभारल्या, त्या सावकाराचे गणित लोकांना उमगावे आणि त्यातून सुटता यावे म्हणून. सावकाराचे व्याज निदान बोलून दाखवलेले असे. हे व्याज अबोल आहे.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. शेकडेवारीचा धडा शिकवताना एका मडक्यात शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या घालाव्यात. पैसे नकोत, चिंचोके पुरेत. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून शंभर सोडती काढाव्यात, नवाच्या भावाने चिंचोके वाटावेत आणि मुलांना हिशेब लिहायला लावावा. एखादा मुलगा जिंकेलही. पण तास संपताना चिंचोके कोणाकडे साठत गेले, हे सारा वर्ग पाहील आणि त्यातील काही मुले ते घरी जाऊन सांगतील.