डागडुजी : आधी पाणी, मग गिलावा

सुगी आटोपली, शेतमालाचे चार पैसे हाती आले, की घराची डागडुजी आठवते. घरात कार्य असते, पाहुणे यायचे असतात. भिंती एकदा चकचकीत करून घ्याव्यात असे सगळ्यांनाच वाटते. गवंडी येतो, सिमेंटची पोती येतात, आठ दिवसांत घर ओळखू येत नाही. आणि दुसऱ्या पावसाळ्यात तीच भिंत फुगते, पोपडे सुटतात. दोष गवंड्याच्या माथी जातो. पण पुष्कळदा चूक कामात नसते, कामाच्या क्रमात असते. पाणी कुठून येते हे न पाहताच आपण भिंत झाकलेली असते.

म्हणून पोते आणण्याआधी ओल ओळखावी. ती वरून खाली उतरत असेल तर दोष कौलांचा, पत्र्याचा किंवा स्लॅबचा. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढून थांबत असेल आणि उन्हाळ्यातही हटत नसेल, तर ती जमिनीतली किंवा मोरीची. फक्त पावसाची झड लागते त्याच अंगाला दिसत असेल तर वळचण तोकडी आहे. तिन्हींचे औषध वेगळे. रंग मात्र तिन्हींपैकी कशाचेच औषध नव्हे.

मातीच्या भिंतीला सिमेंट नको

मातीच्या, किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे ही खेड्यात नेहमी दिसणारी चूक. मातीची भिंत जमिनीतले पाणी थोडेफार ओढतेच. पण दोन्ही अंगांनी ते हवेत सोडूनही देते. सिमेंटने तिचे अंग बंद केले की पाणी आत कोंडते आणि आणखी वर चढते. शिवाय माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. दोघांची फारकत होते. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आत पायथ्याची माती मऊ होत असते. भर पावसात अशी भिंत बसते तेव्हा आधी इशारा मिळतोच असे नाही. तडा गिलाव्याआड लपलेला असतो. आणि त्याच भिंतीशी रात्री मुले झोपलेली असतात.

अशा भिंतीला मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा करावा. मातीत गव्हाचे बारीक काड किंवा भुसा मिसळून चिखल आठवडाभर मुरवावा, रोज तुडवावा. नुसती काळी माती घेऊ नये, ती वाळताना भेगाळते. वरून चुन्याचा हात द्यावा. सिमेंटचा गिलावा आधीच झाला असेल तर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेथील गिलावा उन्हाळ्यात काढून भिंत पुरती वाळू द्यावी. मगच पुढचे काम.

अंगणाचा उतार

अंगणात कोबा करताना दहा फुटांना तीन इंच उतार घराबाहेरच्या दिशेला ठेवावा. जोते कोब्याखाली बुडू देऊ नये. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी न साचता वाहून गेले पाहिजे. मोरीचे पाणीही भिंतीलगत मुरू न देता नळाने दूर, केळी-अळूच्या आळ्यात सोडावे. काळ्या जमिनीवरच्या घराला तर हे फारच जपावे. तिथे पाया ओल्याने उचलतो, वाळल्याने खचतो. अशा तड्यात नुसते सिमेंट भरून भागत नाही.

स्लॅब टाकताना

काँक्रीट पातळ केले की पसरायला सोपे जाते, म्हणून पाणी सढळ हाताने ओतले जाते. ५० किलोच्या एका पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जादा पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्यांतून ओल शिरून सळई गंजते. सळईखाली ठोकळे ठेवून ती फळीपासून उचललेली असावी. स्लॅबवर आळी करून १४ दिवस पाणी ठेवावे. टंचाई असेल तर ओली पोती अंथरावीत, पण स्लॅब तहानलेला ठेवू नये. पाण्याची सोय नसेल तर काम पुढे ढकललेले बरे.

जुन्या भिंतीवर नवे ओझे

धाब्याच्या घरावर गळती थांबावी म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर चढतो. थरांनी गळती थांबो न थांबो, ओझे मात्र वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड धाबी कोसळून हजारो माणसे गाडली गेली. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत नव्हे, हा त्याचा धडा. म्हणून नवा थर देण्याआधी जुना, निकामी थर उतरवावा. जुन्या भिंतीवर स्लॅब किंवा मजला चढवायचा तर आधी जाणत्या अभियंत्याला भिंत आणि पाया दाखवावा. नवी खिडकी पाडताना कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडावेत.

क्रम लक्षात ठेवावा : आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंत, आणि सर्वांत शेवटी रंग. पैसे अपुरे असतील तर रंग राहू द्यावा. पाहुणे दोन दिवस राहून जातात. पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. वळवाची पहिली सर येईल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठे साचते, कुठे वळते, हे त्या फेरीत दिसेल, आणि पैसा कुठे घालायचा तेही कळेल.